लोक बघायलेत, नाना

नानांना सोबत घेऊन कुठं जायचं म्हटलं की मी आधीच धास्तावलेली असायची. स्कूटीवर ते मागं बसत असतानाच मी त्यांना दटावायची, "नाना, आज शहाण्यासारखं वागायचं बरं का." नाना मान डोलवायचे. त्या मान डोलवण्याला काडीचा अर्थ नसायचा. पोचल्यावर पहिल्या पाचेक मिनिटांतच ते असं काही करायचे की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

नाना माझे सख्खे चुलते. धारूरच्या घाटाच्या वरच्या अंगाला त्यांचं शेत. मला दिलं तेलगावला, ऊस-कापसाच्या मुलखात. नानांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर पारावर बसून राजकारण करतात. नाना कुठल्याशा शिबिराला गेले आणि बायोडायनॅमिक शेती डोक्यात घेऊन परत आले. ती नंतर कधी खाली उतरली नाही. आधी काकूंचा परसू त्यांनी ताब्यात घेतला, मग शेत, आणि मग मला. माझ्या घरामागच्या तुकड्यातल्या भाज्या पिवळ्या पडत होत्या, त्या त्यांच्या सांगण्यावरून वागल्यावर सुधारल्या. त्यामुळं मला तोंडच उरलं नाही, आणि मी त्यांच्या मेळाव्यांना जाऊ लागले.

ज्यांना ही शेती ठाऊक नाही त्यांना ती जरा येडपटच वाटेल, आणि आमच्या भागात ती तशीच वाटायची. मेलेल्या गाईचं शिंग घ्यायचं. गाईचंच, बैलाचं चालत नाही. त्यात दुभत्या गाईचं ताजं शेण ठासून भरायचं आणि दसऱ्याच्या सुमाराला ही शिंगं खड्ड्यात पुरायची. गुढीपाडवा झाला की काढायची. तोवर आतलं शेण काळं, मऊ होतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. हे झालं शिंगखत. त्यातलं चिमूटभर बादलीभर पाण्यात, नाहीतर मूठभर पिंपभर पाण्यात टाकून काठीनं तासभर ढवळायचं. फिरवत फिरवत पाण्यात खोल भोवरा पाडायचा, जमला की मोडायचा आणि उलट्या अंगानं फिरवायचं. मग दिवस कलता ते पाणी रानात शिंपडायचं. आम्ही दहाबारा घरं हे करायचो. दर महिन्याला एकेकाच्या रानात जमायचो, सोबत भाकरी बांधून न्यायचो. गावात आमचं नाव पडलं होतं शिंगवाले. "निघाले का शिंगवाले?" असं माझे दीर मला दारातच विचारायचे.

एवढं हसू अंगावर घ्यायला तशी माझी तयारी होती. पण नाना त्यावर भर घालायचे.

ढवळायचं काम सुरू झालं की नाना मधोमध उभे राहायचे. अंगात बाह्यांचं बनियन, खाली नोकरीतली खाकी पँट, तिच्या खिशात चिल्लरऐवजी भोपळ्याच्या बिया. गाडीतल्या घंटीची दोरी ओढावी तसा हात वर करून ते खच्चून ओरडायचे, "टण!" की सगळ्यांनी थांबायचं. "टण टण!" म्हटलं की उलट्या अंगानं सुरू. एखाद्यानं दमून काठी बाहेर काढली की म्हणायचे, "ओ पाव्हणं, तुमचा स्टॉप आजून आला न्हाई. बसून ऱ्हावा." बाया पिंपाभोवती दाटीनं उभ्या राहिल्या की "फुडं सरका, फुडं सरका, मधी लई जागा हाय." रस्त्यानं जाणारे लोक मोटारसायकली थांबवून बघायचे. मी हळूच जाऊन त्यांची बाही ओढायची आणि कानाशी म्हणायची, "नाना, लोक बघायलेत."

"बघू दे की. बघायला काय तिकीट लागतं?"

हे झालं नेहमीचं. जेवणं झाली की दुसरा प्रयोग. नाना पिशवी घेऊन पंगतीतून फिरायचे आणि उष्टं गोळा करायचे. अर्धी भाकरी, कांद्याची साल, केळीची सालपटं. "टाकू नगा, माझी गाय हाय घरी." बरं, नुसतं मागून घेतील तर नाना कसले. "वैनी, एवढं कशापायी टाकलं? घास जाईना का? पोटात गडबड हाय?" असं त्या बाईला चारचौघांत विचारायचे. ती बिचारी लाल व्हायची, आणि तिच्याहून जास्त मी.

पण या सगळ्यावर कडी केली ती माझ्या नणंदेच्या लग्नात. सासरच्यांनी नानांना मानानं बोलावलं होतं, मांडवात टॉवेल-टोपीचा आहेर केला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते. वरात निघाली, बँड सुरू झाला, आणि नवरदेवाच्या घोड्यानं ऐन चौकात लीद टाकली. नाना गर्दीतून वाट काढत पुढं गेले, खाली बसले, आणि आत्ताच आहेरात आलेला कोरा टॉवेल पसरून त्यात ती सगळी लीद गोळा केली. वर नवरदेवाकडं बघून म्हणाले, "घोडं लई चांगलं खातंय बरं का." बँडवाले वाजवायचे थांबले होते. माझ्या सासूबाई आजपर्यंत त्याबद्दल बोललेल्या नाहीत, फक्त कुणाला आहेराचा टॉवेल द्यायची वेळ आली की माझ्याकडं एकदा बघतात.

त्या दिवशी मी नानांवर खूप चिडले. परत सोडायला जाताना रस्ताभर बोलले. म्हटलं, तुम्हांला कशाची शरम म्हणून वाटत नाही, पण मला त्या घरात नांदायचं आहे. नाना मागं गाठोडं मांडीवर घेऊन निवांत बसले होते. म्हणाले, "हे बघ पोरी. तपासनीस गाडीत चढला की मी माणसाच्या तोंडाकडं बघायचो. ज्याच्याकडं तिकीट नसतंय त्योच खिडकीबाहीर बघतो. शरम त्यानं धरावी. मी कुणाचं काय घेतलंय? घोड्यानं टाकलं ते उचललं. माझ्याकडं तिकीट हाय." आणि वर मलाच विचारलं, "ह्या टावेलाला साबण लावला तर तुझ्या सासूला परत देऊ का?"

आता नाना नाहीत. मेळावे कसे अगदी व्यवस्थित होतात.

वर्षाकाठी एक पुण्याचे पाहुणे यायचे. ते या शेतीतले जाणते, बोलायला मऊ, पांढरी दाढी. पाडव्यानंतर शिंगं काढायच्या दिवशी ते हजर असायचे. पहिल्याच भेटीत नानांनी त्यांना विचारलं होतं, "दात तुमचेच हायेत का बसवलेत?" आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता काळ्या खताचा गोळा हातावर घेऊन थेट त्यांच्या नाकाला लावला. "घ्या वास. लाजू नगा. छातीभर घ्या." पाहुण्यांच्या दाढीला खत लागलं. ते हसले, पण मला वाटलं आता हे पुन्हा येणार नाहीत. ते येत राहिले. नानाही दर वर्षी गोळा त्यांच्या नाकाला लावत राहिले, आणि मी दर वर्षी बाही ओढत राहिले.

शिंगांचा खड्डा नानांच्याच रानात असायचा. सगळ्यांचा मिळून एकच. जागा उंचावर, पाणी साचत नाही, म्हणून. पहिल्या वर्षी आम्ही खड्ड्यावर चांगली खूण केली होती, चार दगड आणि एक झेंडा. पण धारूरचा किल्ला जवळ, आणि किल्ल्याच्या आसपास कुठंही माती उकरलेली दिसली की लोकांना पुरलेलं धन दिसतं. कुणीतरी येऊन अर्धा खड्डा उपसून गेलं. शिंगात शेण बघून त्यांनी काय शिव्या दिल्या असतील कोण जाणे. तेव्हापासून नानांनी नियम केला. शिंगं भरायची सगळ्यांनी मिळून, पण पुरायची एकट्या नानांनी, सगळे गेल्यावर, आणि वर खूण म्हणून काही ठेवायचं नाही. माती सारखी करून त्यावर पाचट पसरायचे. वर्षाचं सगळ्यांचं खत त्यांच्या एकट्याच्या ध्यानावर असायचं.

"खूण कशाला लागती?" असं ते मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. तो तोरा त्यांना शोभायचा. नोकरीत असताना गाडीत कोण कुठं चढलं आणि कुठं उतरणार हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. दमलेली बाई लेकराला घेऊन झोपली असली तर तिचं गाव यायच्या जरा आधी हे जाऊन हाक मारायचे, "माय, उठ, आलं तुझं गाव." निवृत्तीनंतरही बाजारात बायका थांबून त्यांच्या पाया पडायच्या. अशा माणसाला एक खड्डा काय जड?

आणि खरंच, दर पाडव्यानंतर ते कुदळ खांद्यावर टाकून नाकासमोर चालत जायचे, घाव घालायचे आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला शिंग लागायचं.

त्या वर्षीही तसेच चालत गेले. सगळी घरं जमली होती, पुण्याचे पाहुणे होते, शिवाय लिंबागणेशकडून काही नवीन लोक ही शेती बघायला आले होते. काकूंनी ठेचा वाटला होता. नाना कडुलिंबाजवळ थांबले, पाचट बाजूला सारलं आणि खणायला लागले. गुडघाभर झालं. काही लागलं नाही. "जरा अलीकडं," असं म्हणून शेजारी खणलं. तिथंही नाही. लोक हसले. मेंढ्या राखणाऱ्या घरातली आमच्यातली एक आक्का आहे, मोकळ्या तोंडाची. ती म्हणाली, "नाना, गाडी चुकली का काय?" नाना पण हसले.

तिसरा खड्डा झाला तेव्हा हसणं थांबलं होतं.

नाना खड्ड्यातून बाहेर आले आणि रानात उभे राहून चहूकडं बघायला लागले. लिंबाकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, बांधाकडं बघितलं. मग एकदम चिडले. "कुणी हालवलं? कुणीतरी हालवलंय. पाचट माझ्या हातचं न्हाई हे." ते माझ्याकडं वळले. "तू सांग की. तू व्हतीस की त्या दिशी, कंदील धरून."

मी नव्हते. कंदील माझ्या लहानपणी होता घरात. मी म्हटलं, "नाना, ऊन झालंय, जरा बसा."

"न्हाई. तू व्हतीस."

त्यांनी चौथ्या जागी कुदळ घातली, पण घाव पडेना. नवीन आलेल्या लोकांतल्या एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं होतं, आक्कानं त्याच्या हातावर चापट मारून ते बंद करायला लावलं. मी नानांजवळ गेले. सवयीनं बाही धरली. पण जन्मभर म्हणत आलेलं वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडातून निघालं नाही. आणि नानांना ते न बोलताही ऐकू आलं. त्यांनी मान वर करून पहिल्यांदा लोकांकडं बघितलं, लोक खरंच बघत होते. त्यांनी बनियन खाली ओढलं, पँटीचा खालीवर झालेला पट्टा नीट केला. कुदळ ठेवली आणि पाहुण्यांसमोर जाऊन हात जोडले. त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणसासमोर.

"चुकी झाली साहेब. सगळ्यांचं वर्षाचं खत घालवलं मी."

पाहुणे म्हणाले, "नाना, अहो काय हे," आणि त्यांचे हात धरायला गेले, पण नानांनी ते सोडवून घेतले आणि मातीच्या ढिगावर जाऊन बसले. मी शेजारी टेकले. ते माझ्याकडं न बघता, बांधापलीकडं कुठंतरी बघत, अगदी हळू म्हणाले, "पोरी, आज माझ्याकडं तिकीट न्हाई."

खत मिळालं. सगळ्यांनी ओळ धरली, पहारी घेऊन पूर्ण रान टोचत गेले, आणि दुपार कलल्यावर विहिरीच्या पार पलीकडं, बाभळीखाली, एकाच्या पहारीला शिंग लागलं. एकच ओरडा झाला. खतही असं उतरलं होतं की पाहुणे म्हणाले, एवढं चांगलं मी फार कमी ठिकाणी बघितलंय. आक्का गोळा घेऊन पळत नानांकडं आली. "घ्या नाना, वास घ्या. लाजू नगा." नानांनी वास घेतला नाही. ते बाभळीखाली जाऊन त्या खड्ड्यात बघत उभे राहिले. "हितं?" म्हणाले. "हितं मी कवा आलतो?"

एरवी मी घरी जाऊन सासरच्यांना मेळाव्याचं काहीबाही सांगायची. त्या दिवशी नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, झालं चांगलं.

दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी त्या विसरण्याला नाव दिलं आणि वय विचारून घेतलं. पण मला धसका बसला तो विसरण्याचा नाही, दुसऱ्याच गोष्टीचा. नाना सुधारले. पुढचे मेळावे त्यांनी पांढरा शर्ट घालून केले, गळ्यापर्यंतची बटणं लावून. कडेच्या खुर्चीवर बसायचे. टण टण नाही, उष्ट्याची पिशवी नाही. कुणी जेवायला वाढलं की "पुरे, पुरे" म्हणायचे आणि बोलायच्या आधी माझ्याकडं बघायचे, बोलू का असं विचारल्यासारखं. लोक मला बाजूला घेऊन सांगायचे, "नाना किती शांत झाले नै? लई बरं वाटलं." काकूंना मी विचारलं तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आता कुठंबी न्या त्येन्ला. नाव ठिवायला जागा न्हाई बघ." आणि परातीत पीठ टाकायचं सोडून नुसत्या बसून राहिल्या. मी जे इतकी वर्षं देवाला मागत होते ते मिळालं होतं. मला ते बघवत नव्हतं.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला आम्ही पुन्हा शिंगं भरली. या वेळी पाहुणेही मुद्दाम आले, नानांसाठीच आले असणार. खड्ड्याची जागा सगळ्यांनी आपापल्या मोबाइलमध्ये घेतली, वर लोखंडी पाटी ठोकायचं ठरलं. माझ्या सासूबाईही पहिल्यांदाच आल्या होत्या. नाना खुर्चीवर होते, मांडीवर हात ठेवून. पाहुणे त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "नाना, या वर्षी शेण कसं आहे? द्या की वास."

नाना उभे राहिले. "तुमी मोठी माणसं," म्हणाले. "तुमीच बघा साहेब."

माझं मला कळलं नाही काय झालं ते. मी टोपलीत हात घातला, शेणाचा गोळा उचलला आणि तरातरा जाऊन पाहुण्यांच्या नाकाला लावला. "घ्या वास," मी ओरडले, "लाजू नगा, छातीभर घ्या!" पदर खांद्यावरून घसरला होता, कोपरापर्यंत शेण होतं. शिंगं भरणारे हात थांबले. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर दातात धरला. मी नानांकडं वळले, हात वर केला आणि दोरी ओढल्यागत करून खच्चून म्हटलं, "टण टण!"

आक्काचे डोळे भरले होते. नाना खुर्चीचा आधार सोडून माझ्यापर्यंत आले. मला वाटलं आता हसतील, आता म्हणतील, फुडं सरका. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, माझा घसरलेला पदर उचलून खांद्यावर नीट ठेवला, आणि त्याचं टोक हळूच ओढत माझ्या कानाशी म्हणाले, "पोरी, लोक बघायलेत."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. नानांना माझी लाज वाटत होती.